थोरलीने वाटे करावेत

माझा विषय अर्थशास्त्र आहे असं गावी, चौलमध्ये, कुणाला सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: सुपारीचा भाव कधी वर जाणार? मला ठाऊक नाही. मुंबईतल्या ज्या संस्थेत मी पीएच.डी. करते, तिथेही ते कुणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायला हवं असंही कुणाला वाटत नाही. आमच्या शाखेला सूक्ष्म अर्थशास्त्राचा सिद्धान्त म्हणतात. त्यात भाव नसतात, भावांचं अस्तित्व असतं. सगळ्यांचं समाधान करणारा एखादा भाव असू शकतो, एवढं आम्ही सिद्ध करतो. तो किती, ते दुसऱ्या कुणीतरी बघावं. ताईला हे सांगितलं तेव्हा ती पोफळींखाली पडलेल्या सुपाऱ्या गोळा करत होती. "म्हणजे नवरा आहे एवढं सिद्ध करायचं, कुठे उलथलाय ते बघायचं नाही," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

पहिल्या वर्षी आम्हाला शिकवलं की माणूस म्हणजे आवडीनिवडींचा एक क्रम. कुठल्याही दोन गोष्टी समोर ठेवल्या तर त्याला सांगता येतं, ही हवी की ती, की दोन्ही सारख्याच. यावर पुढचं सगळं उभं असतं. वर्ग सुरू झाला तेव्हा बाकं भरलेली होती. वर्षअखेरीची परीक्षा झाल्यावर त्यातली बरीच रिकामी झाली. कुणी बँकेत गेलं, कुणी लग्न केलं. मी राहिले. मी फार हुशार होते म्हणून नव्हे, मला त्या विषयातला थंडपणा आवडला होता. फळ्यावरच्या माणसांना नावं नसत. त्यांना क आणि ख म्हणत, आणि त्यांच्यापैकी कुणीही आजारी पडत नसे.

घरी त्या वर्षांत आजारपणच चाललं होतं. आधी बाबा, मग आई. दोघांचं सगळं ताईने केलं. ती माझ्याहून बरीच मोठी. भावोजी माणगावकडच्या एका कारखान्यात, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. ताई चौलच्या घरीच राहायला आली होती, ती मग तिथलीच झाली. मी सुट्टीत जायचे, माडीवरच्या खिडकीशी बसून गणितं करायचे, आणि परत निघताना ताई माझ्या पिशवीत सोललेले नारळ कोंबायची. मी मदत करायला लागले की म्हणायची, "तू अभ्यास कर. इथे येऊन हात कशाला घाण करतेस?" मला ते सोयीचं होतं.

तिसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरवायचा होता. आमचे मार्गदर्शक मितभाषी आहेत. कुणी कितीही लांबलचक मांडणी केली तरी ते एकच विचारतात: यात कुणाला काय माहीत आहे? आमच्या विषयात न्याय्य वाटणीची एक जुनी शाखा आहे. तिच्यात सगळे केक कापत बसलेले असतात. एकाने कापायचा, दुसऱ्याने हवा तो तुकडा निवडायचा. मी सरांना सांगितलं की आमच्याकडे जमिनीचं असंच करतात. थोरल्याने वाटे करायचे, धाकट्याने उचलायचा. सर खुर्चीत सरळ बसले. "हे लिही," ते म्हणाले. एवढं कौतुक त्यांच्याकडून त्याआधी कुणाला मिळालेलं मी पाहिलं नव्हतं.

बाहेरून ही रीत अगदी चोख दिसते. थोरल्याला धाकट्याच्या मनातलं काही माहीत नसेल, तर तो मुकाट्याने दोन सारखे वाटे करतो, कारण कुठला आपल्या पदरात पडेल ते त्याला सांगता येत नाही. पण माहीत असेल तर? समजा, धाकट्याचा जीव विहिरीत अडकलाय हे थोरल्याला पक्कं ठाऊक आहे. मग तो एका वाट्यात नुसती विहीर ठेवील आणि दुसऱ्यात बाकी सगळं रान. धाकटा विहीरच उचलणार. फसवाफसवी झाली नाही, रीत पाळली गेली, आणि थोरला गबर झाला. इथपर्यंत जुनंच आहे. माझा प्रश्न त्यापुढचा होता: समोर ठेवलेल्या वाट्यांवरून धाकट्याला थोरल्याच्या मनातलं काही वाचता येईल का?

मी त्यावर दीड पान लिहिलं होतं, तेव्हा आई गेली.

पुढच्या थंडीत ताईचा फोन आला. वाटणी करून घेऊ म्हणाली. भांडण वगैरे काही नव्हतं. आम्ही दोघीच बहिणी, सातबाऱ्यावर आई-बाबांची नावं तशीच पडून, आणि आजूबाजूच्या वाड्यांत शहरातले लोक जमिनी विचारत फिरत होते. कागद साफ असलेले बरे, असं तळा गावचे आमचे मामाही म्हणत होते. आमच्याकडे वाटायला होतं काय? बाबांनी बांधलेलं माडीचं घर, अंगण, आणि मागे नारळ-पोफळीची वाडी. वाडी लांबट आहे. तिचं एक टोक घराला लागतं आणि दुसरं रेवदंड्याच्या रस्त्याला.

मला घर हवं होतं. ते आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. माझे जे काही चार निष्कर्ष आजवर सिद्ध झाले आहेत, ते सगळे त्या माडीच्या खिडकीत झाले आहेत. मुंबईत वसतिगृहाच्या खोलीत मला झोपसुद्धा नीट लागत नाही. पण ताई तिथे राहत होती. आई-बाबांना तिने तिथे सांभाळलं होतं. तिच्या पायाखालून घर काढून घ्यायचं आणि वर रीतीप्रमाणेच झालं म्हणायचं, हे माझ्याने होणार नव्हतं. ताईला जे हवं असेल ते तिला मिळायला हवं, एवढंच मला त्या वाटणीतून पाहिजे होतं. अडचण इतकीच होती की तिला काय हवंय हे विचारायची सोय नव्हती.

कारण रीत तशी आहे. वाटणी करायची ठरली की थोरल्याने मनातलं बोलायचं नाही, आणि धाकट्याने विचारायचं नाही. बोललं की भीड पडते, आणि भिडेने उचललेला वाटा पुढे जन्मभर खुपतो, असं म्हणतात. मामा तळ्याहून सकाळच्या एसटीने आले. चहा घेतला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि आम्हा दोघींना देवासमोर बसवलं.

"रीत म्हाईत हाय ना?" ते म्हणाले. "थोरलीनं वाटं करायचं, धाकटीनं उचलायचा. मधी कुनी त्वांड उघडायचं न्हाय. उचलला की मंग रडायचं बी न्हाय."

पुढ्यात दोन पाट मांडले होते. एकावर घराची चावी, दुसऱ्यावर नारळ. ताईने डोकं खाली घालून वाटे सांगितले. चावीकडे घर, अंगण आणि परसातली मोगऱ्याची ओळ. नारळाकडे सगळी वाडी, विहीर, पंप आणि रस्त्याकडची मोकळी पट्टी.

मामांच्या भुवया वर गेल्या. दोन वाटे सारखे नव्हते, हे कुठल्याही लहान पोराला कळलं असतं. घर जुनं, दर पावसाळ्यात कुठेतरी गळणारं. वाडी उत्पन्नाची, आणि रस्त्याकडच्या पट्टीला तर आता सोन्याचा भाव. मामा काहीतरी बोलणार होते, पण त्यांनीच घातलेला नियम त्यांना आठवला असावा.

मी मात्र आतून उजळले. एवढ्या वर्षांचं शिक्षण पहिल्यांदाच घरात उपयोगी पडत होतं. मी हिशोब मांडला. ताईला माहीत आहे की मला घर आवडतं. तिला स्वतःला घर हवंय, नाहीतर ती इथे राहिली असती कशाला? म्हणून मी घराकडे हात नेऊ नये यासाठी तिने दुसरा वाटा गोड करत नेला आहे. वाडी दिली, विहीर दिली, शेवटी रस्त्याकडची पट्टीही दिली. घरासाठी ती इतकं सोडायला तयार आहे! मला भरून आलं. वाट्यांवरून मनातलं वाचता येतं, हे माझ्या दीड पानाचं म्हणणं समोर पाटावर सिद्ध होऊन बसलं होतं. मी नारळ उचलला.

ताईने पदर नीट केला. "चहा ठेवते," म्हणाली आणि आत गेली.

"अर्थशास्त्र शिकलीस त्ये वाया न्हाय गेलं, पोरी," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं. मी घसघशीत वाटा बघून हात मारला, असं त्यांना वाटलं होतं, आणि दोन दिवसांत आळीतल्या सगळ्यांनाच वाटलं. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं काय ते मला माहीत होतं. बोलून दाखवलं असतं तर ताईवर उपकार केल्यासारखं झालं असतं, म्हणून गप्प राहिले. निघताना तिने माझ्या पिशवीत नारळ भरले आणि म्हणाली, "घे, तुझेच आहेत."

त्यानंतरचं वर्ष कामाचं गेलं. वाडी माझी झाली होती, पण बघत होती ताईच. मला पोफळीचं शिंपण किती दिवसांनी करायचं हेसुद्धा सांगता आलं नसतं. ती फोनवर सगळा वृत्तान्त द्यायची. तुझ्या वाडीत उंदीर फार झालेत. तुझा पंप दुरुस्तीला टाकलाय. त्या 'तुझ्या'वर जरा जास्त जोर असायचा, पण मी तो चेष्टेवारी नेला. कागद अजून व्हायचेच होते. तलाठी बदलून गेला, नवा आला, त्याने पुन्हा सगळी कागदपत्रं मागवली. प्रबंधातलं माझं प्रकरण मात्र भराभर पुढे सरकत होतं. दीड पानाची तीस पानं झाली.

मग मी ते विभागात वाचून दाखवलं. आमच्याकडे वाचून दाखवणं म्हणजे दुसऱ्या वाक्याला कुणीतरी हात वर करणं. मी उदाहरण म्हणून दोन भाऊ घेतले, एक घर आणि एक बाग. थोरला घरात राहतो, धाकट्याचा घरावर जीव. थोरल्याने सगळी बाग, विहिरीसकट, एका बाजूला घातली. यावरून कळतं की थोरल्याला घर हवं आहे, असं मी म्हटलं, आणि मागच्या बाकावरून माझ्यामागे दोन वर्षं असलेला एक विद्यार्थी म्हणाला, "किंवा बाग हवी आहे."

मी त्याला विचारलं, कशी? त्याने बसल्या जागेवरून सांगितलं. थोरल्याला वाटतंय की धाकटा घर सोडणं शक्यच नाही. मग घराच्या बाजूला कशाला काही ठेवायचं? सगळं बागेच्या बाजूला ओढायचं आणि ते आपल्याला मिळण्याची वाट बघायची. वाटे तेच, मन उलटं.

ते विहिरीचंच उदाहरण होतं. माझ्या पहिल्या पानावरचं. मी ते स्वतः लिहिलं होतं आणि पाटासमोर बसल्यावर मला ते आठवलं नव्हतं, कारण त्यात थोरला आपमतलबी होता आणि माझ्या समोर ताई होती. सर म्हणाले, "छान. एकच वाटणी आणि दोन परस्परविरोधी हेतू. हे मुख्य उदाहरण कर." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी विचारलं, पण धाकटा थोरल्याला सरळ विचारत का नाही? मी म्हटलं, संवाद आपण गृहीत धरलेला नाही. लोक हसले.

शनिवारी लाँचने मांडव्याला उतरून मी चौलला गेले. भावोजी अजून आले नव्हते. ताई स्वयंपाकघरात नारळ खोवत बसली होती. मी समोर पाट ओढून बसले आणि विचारलं, "ताई, तेव्हा तुला काय हवं होतं?"

"कधी?"

"वाटणीच्या वेळी."

"आता काय त्याचं? झालं ते झालं." ती खोवत राहिली. मी उठत नाही असं बघून म्हणाली, "वाडी हवी होती."

मग तिनेच सांगायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता. "मला इथून निघायचं होतं गं. त्या खोलीत बाबा गेले, ह्या खोलीत आई. अजून आईच्या खोकल्याने मला जाग येते. उठून उभी राहते, गरम पाणी ठेवायला जाते, आणि मग आठवतं. ह्यांचं आणि माझं ठरलं होतं, रस्त्याकडच्या पट्टीवर दोन खोल्या बांधायच्या. एक आम्हाला, एक शनिवार-रविवार येणाऱ्या लोकांना. आणि तू काय घर सोडणार नाहीस, अशी माझी खात्री. लहानपणापासून माडीला चिकटलेली तू." ती थोडी हसली. "तर तू भलतीच हुशार निघालीस. नारळ उचललास. आता माझं मलाच म्हणायचं, अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

म्हणजे तिलाही तेच वाटत होतं, जे आळीला वाटत होतं. वर्षभर ती माझी वाडी शिंपत होती आणि मनात मला हावरट समजत होती. तरीही पिशवीत नारळ भरतच होती.

"बदलूया," मी म्हटलं.

खोवणीवरचा तिचा हात थांबला. "खरंच?"

"मला घर दे, तू वाडी घे. कागद झालेलेच नाहीत. मामांना मी सांगते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हात पुसून उठली. सोमवारी तलाठ्याकडे जाऊ म्हणाली. ह्यांना आल्याबरोबर सांगते म्हणाली. मग दारात उभं राहून हाताने दाखवायला लागली, रस्त्याकडची खोली कुठे, मोरी कुठे, विहिरीचं पाणी कुठून आणायचं. ती दिवाळीला फराळाच्या डब्यांची उतरंड रचायची तेव्हा अशी बोलायची, एकामागून एक. किती वर्षांत तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. एवढंच करायचं होतं.

पण आम्हा लोकांना नुसतं उत्तर देऊन चैन पडत नाही. उत्तर हाताशी असलं तरी ते कसं आलं ते दाखवल्याशिवाय काम पुरं झालं असं वाटत नाही. शिवाय ती मला हावरट समजत होती, ते पुसायचं होतं. मी तिला पुन्हा बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. मला घरच हवं होतं. तुला घर हवंय असं तुझ्या वाट्यांवरून मी ताडलं. म्हणून तुझ्यासाठी घर सोडून नारळ उचलला. खोबऱ्याच्या ताटाशेजारी जमिनीवर बोटाने दोन वर्तुळं काढून मी तिला दाखवलं की तिची मांडणी आणि माझं वाचन दोन्ही आपापल्या जागी कशी बरोबर होती. मला ते सांगताना आनंद होत होता. फार सुंदर उदाहरण आहे ते.

ताई ऐकत होती.

"म्हणजे तुला घर हवं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि मला हवं असेल म्हणून तू ते सोडलंस."

"हो."

"आणि मी, तुझा जीव घरात आहे, तू ते सोडणार नाहीस, हे धरून बाकीचं सगळं माझ्याकडे ओढून घेतलं."

मी घाईने सांगायला गेले की त्यात वावगं काही नाही. वाटे करणारा कुणीही हेच करतो. पुस्तकांत हेच लिहिलंय. रीतीतच ते बसतं. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. जितकं सांगत गेले, तितका तिचा चेहरा उतरत गेला. कारण लबाडी हा शब्द तोवर तिथे कुणीच उच्चारला नव्हता.

"नाही गं," ती म्हणाली. "आता नाही घेववणार मला ती वाडी."

मी वाद घातला. तुला वाडी हवीय, मला घर हवंय, अदलाबदल केली तर दोघींचं भलं होतं आणि कुणाचंच काही जात नाही. आमच्या विषयात याहून साधी गोष्ट नाही. तिने ते सगळं ऐकून घेतलं. मला तिचा राग आला, मग माझा स्वतःचा आला, आणि मग रडू आलं. ती उठली, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि पुन्हा खोवणीवर बसली.

"तू नुसतं बदलूया म्हणाली होतीस ना, तेवढ्यावरच थांबायचं होतंस," ती म्हणाली. "तुला वाडी झेपत नाही, म्हणून परत करतेस, असंच मी समजले होते. आनंदाने गेले असते गं मी."

भावोजी आले तेव्हा तिने त्यांना काही सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात नव्या तलाठ्याने कागद केले, जसे वाटे उचलले होते तसेच. मी अजून प्रत्येक वेळी विषय काढते आणि ती अजून नाही म्हणते. रस्त्याकडची पट्टी रिकामी पडून आहे. ताई त्याच घरात राहते, आणि अजूनही मधेच उठून गरम पाणी ठेवायला जाते.